मोहल्ल्याचा नारळ

नारळाची शेंडी वाळूच्या वर बोटभर राहिली होती. शेंडीचे दोरे वाऱ्याने दक्षिणेकडे कलले होते. बुडाशी, जिथे ते करवंटीला चिकटतात तिथे, हळदीचा पिवळा ठिपका अजून ओलसर दिसत होता, कारण बाजूनेच पाण्याचा पाट वाहत होता. मुंग्यांची एक ओळ पाटाकडून येऊन शेंडीला वळसा घालून पुढे जात होती. वर एवढंच होतं. बाकीचा नारळ खाली होता, खजुरीच्या बागेच्या कोपऱ्यात, दर वर्षी असतो तिथेच.

करजखोलच्या मातीत पुरलेला नारळ वर येत नाही. तिथली लाल माती चोपली की बसते. सौदीतल्या हुफूफची वाळू बसत नाही. उत्तरेचा वारा सुटला की ती कालची जागा आज सोडते.

करजखोल हे दापोलीकडचं खाडीकाठचं गाव. पीक काढायच्या आधी शेताच्या कोपऱ्यात राखणदारासाठी नारळ पुरायचा, ही तिथली रीत. तिला राखण म्हणतात. राखणदाराला देऊळ नाही, मूर्ती नाही. पुरणारा हात कुळवाड्याचा, पण नारळ यायचा मोहल्ल्यातून, मुसलमानाच्या घरून. खाडीचा बांध दोन्ही आळ्यांनी मिळून घातला, तेव्हापासूनचा हा मान. नारळ देणारा मोठ्याने म्हणतो, "नारळ मोहल्ल्याचा, हात कुळवाड्याचा, राखण गावाची." बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा." आणि एक नियम: पुरलेल्या राखणीला पीक घरात येईपर्यंत कुणी हात लावायचा नाही. लावला तर राखणदार उठून जातो.

दत्ताराम गावात माडावर चढायचा, हुफूफला येऊन खजुरीवर चढायला लागला. त्याला इथे आणलं जमालुद्दीनने. तो याच बागेवर मुकादम, फार आधीपासून. दोघे एका गावचे, एका शाळेचे, एका मास्तरचा मार खाल्लेले. पहिल्याच हंगामात दत्ताराम म्हणाला होता, "जमालभाय, नारळ बघ कुठं मिळतोय का. बिनराखणीचं पीक मी उतरवणार न्हाय." जमालुद्दीनने शिव्या घातल्या आणि दुसऱ्या दिवशी बकाल्यातून, म्हणजे तिथल्या किराणा दुकानातून, शेंडीवाला नारळ आणला.

तेव्हापासून दर वर्षी तो काळ्या पिशवीतून नारळ आणायचा आणि दत्तारामच्या हातात देऊन बाजूला व्हायचा. बोलायचा काही नाही. देणाऱ्याचं वाक्य दत्तारामच पुटपुटायचा, आणि "व्हय म्हाराजा"सुद्धा तोच. कायदा दोघांना ठाऊक होता. दत्तारामचा देव खोलीच्या दाराआड चालतो, दाराबाहेर नाही. जमालुद्दीनला तर दाराआडही नाही. मुसलमान माणसाने असल्या कामाला नारळ दिला, हे कुणाच्या कानी गेलं तर गुन्ह्याचं नाव वेगळंच पडलं असतं, धर्म सोडल्याचं.

या वर्षी राखणीच्या सकाळी म्हातारा मालक बागेत आला होता. अबू सालेह. त्याने ही राखण पूर्वी पाहिली होती, आणि पाहून पाटाकडे तोंड फिरवलं होतं. दत्ताराम खड्डा खणत असताना पंपाजवळ म्हातारा कोसळला. दत्तारामने नारळ अर्ध्या खड्ड्यात ठेवला, पायापाशी होती तेवढी वाळू वर ढकलली आणि धावला. म्हाताऱ्याला पाठुंगळी घेऊन त्याने गाडीपर्यंत नेलं. म्हातारा जगला. पण उजवं अंग गेलं आणि वाचा गेली.

मग आठवडाभर वारा सुटला.

शेंडी पहिल्यांदा दिसली जमालुद्दीनला.

"दत्ता, झाक ती शेंडी."

"राखणीला परत हात?"

"मंग पायानं वाळू लोट."

"पायानं? जमालभाय, सुद्दीवर हायस ना?"

"मालकाचा पोरगा रोज येताय आता. त्याची नजर बापासारखी नाय."

"येऊंदे की. नारळच हाय, बाँब न्हाय."

दोघे हसले. दत्ताराम कंबरेचा दोर खजुरीला टाकून वर चढला. जमालुद्दीन तिथेच थांबला. पायाने थोडी वाळू ढकलायचं काम होतं. त्याने पाय पुढे केला आणि मागे घेतला. झाकलं कुणीच नाही.

नासेरने, म्हणजे मालकाच्या मुलाने, ती शेंडी दुसऱ्या दिवशी धरून ओढली. खालून हळद लावलेला, लाल दोरा गुंडाळलेला नारळ आला. नासेरचा बाप ज्या दिवशी कोसळला त्याच दिवशी पुरलेला. नासेरच्या जागी कोणीही घाबरलं असतं, हे खरं. पण घाबरलेल्या माणसाच्या हातात कायदा असला की त्याला कुणाला काही विचारायची गरज उरत नाही. त्याने फोटो काढले आणि फोन लावला. फोनवर त्याने एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरला. त्या शब्दाचा अर्थ जादूटोणा. त्या देशात तो गुन्हा आहे, आणि लहान नाही.

पोलीस आले तेव्हा दत्ताराम झाडावर होता. खजुराचा घड एका हातात, विळा दुसऱ्या हातात.

"यल्ला, खाली उतर!"

"उतरतंव, उतरतंव. घड तर सोडू दे हळू. फुटंल सगळा."

त्याने घड दोराने खाली सोडला, नीट, एक फळ न सांडता. मग तो उतरला. नासेरने त्याच्यापुढे नारळ धरला. दत्तारामने नारळाकडे पाहिलं आणि त्याचा चेहरा पडला, पण भीतीने नाही. "उकरलान रे," तो म्हणाला. "पीक झाडावर हाय आणि राखण उकरलान." मग तो जमालुद्दीनकडे वळला. "जमालभाय, सांग त्यांना. काय हाय ते सांग."

सगळे जमालुद्दीनकडे बघायला लागले. पायघोळ पांढरा थोब, डोक्याला गुत्रा म्हणजे अरबी रुमाल, अरबी अशी की हुफूफचा माणूस फसावा. नासेर त्याला नावाने न बोलावता, हिंदुस्थानी म्हणून हाक मारत म्हणाला, "हिंदी, तू सांग. हे काय आहे?"

जमालुद्दीन म्हणाला, "मा अदरी."

मला माहीत नाही. एवढी अरबी बागेतल्या प्रत्येकाला येते. दत्तारामलाही येत होती. त्याने एकदा मान डोलावली, बाजारात भाव ऐकून माणूस डोलावतो तशी, आणि गाडीत जाऊन बसला.

*

दुसऱ्या दिवशी दुपारी बागेतल्या मजुरांच्या खोलीत भांडण पेटलं. नीलेश पंपावर काम करायचा. दत्ताराम त्याचा सख्खा मामा. जमालुद्दीन दारात आला तसा तो उठून उभा राहिला.

"जमालचाचा, खोलीत यायचं तर चपला काढ. का आता आमची जमीन पन तुजी न्हाय?"

"नीलेश, तोंड सांभाळ."

"तोंड? तोंडाचं तू बोलतंस? मालकाला बोलायचं हाय तर त्याचं तोंड वाकडं झालंय. तुजं सरळ हाय तर तू गिळून बसलंस!"

"मी बोललो असतो तर काय झाला असता? मना पन टाकला असता आत. दोघांचा काय भला झाला असता?"

"एकाचं तरी झालं काय?"

तेवढ्यात विनय आला. तो दम्मामला इंजिनिअर, मराठी मंडळाच्या कामात पुढे असलेला. गाडीतून उतरला तेव्हाच त्याचा निर्णय झालेला होता, असं त्याच्या चालण्यावरून दिसत होतं.

"हे बघा, मी एका ओळखीच्या वकिलाशी बोललोय," तो म्हणाला. "उद्या सकाळी तपास अधिकारी सगळ्यांना बोलावणार. दत्तारामने म्हणायचं की चूक झाली, अज्ञानाने झाली. माफी मागायची. कदाचित देशाबाहेर काढतील, पण सुटेल."

"कसली चूक?" नीलेशने विचारलं.

"तीच. जादूटोण्याची."

"पन त्यानं केलाच न्हाय!"

"अरे, केला की नाही हा प्रश्नच नाही. आपण इथे पाहुणे आहोत. जास्त बोलायचं नाही. आवाज झाला तर बाकीच्या सगळ्यांना त्रास. आपल्या बायका घरात हळदीकुंकू करतात, पोरं गणपतीला आरती म्हणतात, ते सगळं शांतपणे चाललंय ना? ते बंद करायचंय?"

"म्हंजे तुमचं हळदीकुंकू चालावं म्हनून मामानं सवताला चेटूक करनारा भगत म्हनायचं."

"मी तसं म्हटलेलं नाही."

"म्हनायला कशाला पायजे! आमच्यात म्हनतात, दुसऱ्याच्या गोठ्यात वाघ शिरला की आपल्या गाईला झोप चांगली लागते."

विनयने जमालुद्दीनकडे पाहिलं. "तुम्ही समजावा. तुम्हाला कायदा कळतो. आणि तुम्ही यात कुठेच नाही, हे फार बरं आहे."

यावर नीलेश हसला. वाईट हसला. "व्हय व्हय. चाचा कुठंच न्हाय. नारळ काय खजुरीला लागला असंल."

विनयला ते कळलं नाही. जमालुद्दीन चपला हातात घेऊन निघून गेला.

*

जमालुद्दीनचं घर हुफूफच्या जुन्या भागात होतं. बायको अमिरुन्निसा, आणि मुलगी दुआ, बारावीला. दुआ जन्मली हुफूफला, शिकली हुफूफला. आईबापांच्या कोकणीला ती हिंदीत उत्तर द्यायची आणि रागावली की अरबीत. तिला हा देश आपला वाटायचा. देशाने तसं कधी म्हटलं नव्हतं. तिचा इकामा, म्हणजे तिथे राहायचा परवाना, बापाच्या इकाम्याला टांगलेला, आणि बापाचा नासेरच्या घराला.

अमिरुन्निसाने ताट वाढलं नाही. मोबाइल पुढे ठेवला. पडद्यावर तुळसाबाई होती, दत्तारामची बायको. मागे करजखोलची पडवी, आणि पडवीत माणसं.

"जमालभावजी," तुळसाबाई म्हणाली, "जेवलाव?"

"नाय वयनी."

"बरं केलाव. आता ऐका. नीलेशनं मला सगळं सांगितलान. मी रडायला फोन केलेला न्हाय. रडाय मला येळ न्हाय, दारात गाय व्यायला झालीय. मला येवडंच इचारायचंय, नारळ देताना तुमचा हात होता, आता जीभ न्हाय?"

"वयनी, तुमाला हिकडचा कायदा म्हायत नाय."

"मला कुठलाच कायदा म्हाईत न्हाय. मला रीत म्हाईत हाय. नारळ कुनाचा?"

जमालुद्दीनने मोबाइल उचलून तोंडाजवळ धरला. मग एकदम त्याचा आवाज चढला. इतक्या दिवसांत तो पहिल्यांदा चढला.

"रीत? वयनी, रीतीचा मना सांगू नका! गावानं काय केला? गेल्या साली माझा भाव नारळ घेवन गेला, तर तुमच्या आळीतल्या नव्या समितीची पोरा म्हणाली, मोहल्ल्याचा नारळ नको. आमचा देव आमी बघू. बांध बांधताना आमचे बापजादे चालले, नारळाला नाय चालत! तिकडे मी अरबस्तानचा. हिकडे मी हिंदी. दोन घरचा पाहुणा उपाशी! आनि आता मी पोरीचा भविष्य जाळून तुमच्या राखणीची साक्ष देव? कुणासाठी?"

पडवीतली कुजबुज थांबली. तुळसाबाई जराही हलली नाही.

"झालं बोलून?" तिने विचारलं. "आता माजं ऐका. नारळ बंद केलान तो समितीनं. मी न्हाय. त्या पोरांच्या मिशीला अजून पानी लागलेलं न्हाय. आमच्या शेताच्या मेरंवर या साली नारळ पुरला तो कुनाचा? तुमच्या भावजयीचा. सफूरानं सवता आनून दिलान, आनि मोठ्यांदी बोलली बी. समितीतला एक जन हटकायला आलान तर मी कोयता घेवन हुबी ऱ्हायलंव. इचारा तिला. ही बगा, हितंच बसलीय."

मोबाइल फिरला. पडवीच्या कोपऱ्यात जमालुद्दीनची भावजय सफूरा बसली होती, भाजी निवडत. तिने मान वर करून एवढंच म्हटलं, "व्हय भावजी."

"आनि तिकडं," तुळसाबाई पुढे म्हणाली, "परक्या मुलखात, वाळूत, तुमचा मान कुनी चालवलान? समितीनं? माज्या घोवानं चालवलान. तुमी गप ऱ्हायचाव, तर तुमचं वाक्य बी त्यानंच बोललान. इतक्या सालांत त्यानं कदी म्हटलान का, जमालभायला वगळू, कुठलाबी नारळ घेव?"

जमालुद्दीनने पडद्यावरून नजर काढली.

"ठेवतंय. गाय वरडतेय." आणि फोन बंद झाला.

शेंडीची आणि मागे घेतलेल्या पायाची गोष्ट जमालुद्दीनने बायकोला आधीच सांगितली होती. अमिरुन्निसा म्हणाली, "मना एक सांगा. शेंडी वर दिसली, तवा तुमी का नाय झाकली?"

"दत्ताचा काम होता ता."

"तुमी मुकादम. तुमचा पाय का मागं आला?"

"हात लावायचा नसतो." बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच ऐकू आलं.

"मंग?" अमिरुन्निसा म्हणाली. "त्यांच्यासमोर तुमी म्हणताव, म्हायत नाय. आनि पाय मागं घेताव. ह्यातला खोटा कंचा? मी नमाज पढते, रोजे ठेवते, राखणदाराला मी काय मानत नाय. पन शेजाऱ्याला नारळ देणा गुन्हा असल तर असूदे. खोटी साक्ष हाय ना, तिचा जाब मना द्यावा लागंल, तुमची बायको म्हणून. ता मी देणार नाय."

दुआ दारात उभी होती. "अब्बू, आप सच बोलेंगे तो हमको निकाल देंगे?"

"हां बेटा. निकाल सकते हैं."

"मेरा एक्झाम?"

 दुआचे डोळे भरले. ती अरबीत काहीतरी फाडकन बोलली आणि आत गेली. मग परत आली. "दत्ताचाचा ने मुझे साइकिल सिखाई थी," ती म्हणाली. "उसी बाग में." आणि पुन्हा आत गेली. दार तिने आपटलं. कुणावर, ते कळायला मार्ग नव्हता. कदाचित सगळ्यांवर.

*

सकाळी तपासाच्या खोलीत थंडगार हवा होती. मेजाच्या मागे अधिकारी, बाजूला संगणकावर लिहिणारा. नासेर एका खुर्चीत. नारळ मेजावर, पारदर्शक पिशवीत, पिशवीला चिकटवलेला नंबर. शेंडी वाळली होती. हळद उडाली होती. एवढ्या निर्मळ खोलीत तो नारळ फार गरीब दिसत होता.

दत्तारामला आणलं. दाढी वाढलेली, हात बेडीत, कपडे बागेतलेच. त्याने जमालुद्दीनकडे पाहिलं नाही. नारळाकडे पाहिलं.

सरकारी दुभाषा हिंदी बोलणारा होता. त्याने दत्तारामला विचारलं, "मालिक को नुकसान करने के लिए गाड़ा?"

"नुकसान?" दत्ताराम म्हणाला. "मैं उसको पीठ पे उठाके लेके गया. नुकसान करना था तो उधरच छोड़ता. गाडी तक कौन लेके गया, पूछो उसको."

दुभाष्याने ते सांगितलं. नासेरने मान खाली घातली. ते त्याला माहीत होतं. सगळ्या बागेला माहीत होतं. पण ते लिहिणाऱ्याने लिहिलं नाही, कारण प्रश्न तो नव्हता.

"माफी मांगता है?"

"किसका?"

"जो किया उसका."

दत्तारामने पुन्हा नारळाकडे पाहिलं. विनयचा निरोप त्याच्यापर्यंत पोचलेला होता. दोन शब्द बोलायचे आणि घरी जायचं. घरी गाय व्यायली असेल. शेवटी तो म्हणाला, "माफी नहीं. वो हमारा रीत है. पीक अच्छा आए, मालिक का भी अच्छा हो, इसके लिए करते हैं. जादू बोलूंगा तो झूठ होगा."

अधिकाऱ्याने पेन खाली ठेवलं. तो वाईट माणूस नव्हता. थकलेला होता, आणि त्याच्यापुढच्या चौकटीत रीत असा रकाना नव्हता. तो जमालुद्दीनकडे वळला. "तू मुकादम. मुसलमान आहेस. परवा म्हणालास, मला माहीत नाही. तेच पुन्हा सांग, म्हणजे लिहून संपवू. हा माणूस म्हणतो, आमची रीत. आमची म्हणजे कुणाची? याच्यात आणखी कोण आहे?"

"कोई नहीं," दत्ताराम घाईने म्हणाला. दुभाष्याची वाट न पाहता. त्याला तेवढी अरबी कळली होती. "अकेला मैं. नारळ मैंने लाया, मैंने गाड़ा."

जमालुद्दीनने वर पाहिलं. आजवर दत्ताराम त्याचं वाक्य त्याच्या वतीने बोलत आला होता. आता तो त्याच्या वतीने खोटंही बोलत होता. तेही हात बांधलेले असताना.

जमालुद्दीनच्या अंगात राग चढत गेला. आधी नासेरवर, मग समितीच्या पोरांवर, विनयवर, त्या रकान्यांवर. आणि त्या रागाला पुढे जायला जागा उरली नाही तेव्हा तो स्वतःवर येऊन थांबला. तो खुर्चीवरून उठला. कुणी उठायला सांगितलं नव्हतं. त्याने डोक्यावरचा गुत्रा काढून खुर्चीवर ठेवला. आणि बांधावर उभा असल्यासारखा, मोकळ्या रानात पार पलीकडच्या माणसाला ऐकू जावं एवढ्या आवाजात, तो करजखोलच्या बोलीत म्हणाला, "नारळ मोहल्ल्याचा! हात कुळवाड्याचा! राखण गावाची!"

लिहिणाऱ्याची बोटं थांबली. दुभाषा गोंधळला. "ये कौन-सी ज़बान है?"

"माझी," जमालुद्दीन म्हणाला. मग तो अधिकाऱ्याकडे वळला आणि हुफूफच्या स्वच्छ अरबीत, एकेक शब्द सुटा करून म्हणाला, "परवा मी खोटं बोललो. तो नारळ माझा आहे. दर वर्षी मीच देतो. लिहा."